शून्यावरचा कागद

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. मी गरीब बिचारा वगैरे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या मनात डूख होता आणि तो मी वर्षभर जपला.

कारखान्यातून निघालो तो थेट नदीकाठच्या पशुखाद्याच्या दुकानात आलो. खाली लोखंडी पाट, वर ताटाएवढी तबकडी, तिच्यावर लाल काटा. दुकानाचे म्हातारे मालक रोज सकाळी आधी माझा पाट पुसायचे, मग स्वतःचा चष्मा. पानगळ सुरू झाली की खोऱ्यातले लोक आपापली कुत्री-मांजरं घेऊन माझ्यापुढे रांग लावत. थंडीच्या आधी जंतांचं जहाल औषध द्यायचं असे आणि जनावरांचे डॉक्टर माझ्या आकड्यावरूनच मात्रा ठरवत. पाववाल्या आजींचा बोका पाटावर बसला की उठायचं नाव घेत नसे. सगळे म्हणत, माणूस खोटं बोलेल, काटा बोलायचा नाही. मला फार अभिमान वाटे.

मालक थकले आणि दुकान जावयाकडे आलं. जावई गोडबोल्या, साखरेच्या तोंडाचा. आल्या आल्या त्याने माझ्या पाठीचा स्क्रू पिळला. पाट रिकामा असतानाही माझा काटा दोनवर उभा राहू लागला. ते कुणाला दिसू नये म्हणून त्याने तबकडीच्या काचेवर, खालच्या भागात, शून्यापासून चारपर्यंत, कोंबडीखाद्याच्या जाहिरातीचा कागद चिकटवला. मोठ्या पोत्यात दोन किलो कुठे गेले ते कुणाला कळणार?

पण होडीवाल्या काकूंची तपकीर पोतं नव्हती. ती जेमतेम सहा किलोंची तांबूस कुत्री होती. होडीच्या टोकावर बसून नदीवर भुंकणं हे तिचं काम. मी तिचं वजन आठ दाखवलं. डॉक्टरांनी आठाचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

दोष आला डॉक्टरांवर. लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले आणि तेही मान खाली घालून म्हणत, माझंच काहीतरी चुकलं. जावई मात्र काकूंकडे जाऊन हळहळून आला. त्या दिवशी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

मित्रांनो, काट्याला हात नसतात, पण थरथर असते. पोतं आदळलं की मी गरजेपेक्षा जास्त थरथरायचो. पावसाळाभर नदीची ओल तबकडीत मुरवून घेतली. कागदाचं एक टोक सुटलं, मग दुसरं. जावई थुंकी लावून पुन्हा चिकटवायचा. चिकटव बाबा, म्हटलं, मला कुठे घाई आहे?

पुन्हा पानगळ आली. रांग लागली. काकू सवयीने आल्या होत्या, रिकाम्या हातांनी. डॉक्टर दूर कोपऱ्यात उभे होते. आजींनी बोका उचलून पाटावर ठेवला. तो बसला नाही, उडी मारून पळाला, आणि त्या धक्क्यात मी सगळं बळ एकवटून हाललो. कागद गळून खाली पडला.

आजींनी चष्मा सारखा केला. "काट्यावर तर काहीच नाही. मग हे दोन किलो कुणाचे?"

जावई काहीतरी पुटपुटला. काकू पुढे आल्या आणि त्यांनी माझ्या तबकडीवर बोट ठेवलं.

"माझ्या तपकीरचे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर कुणी आरडाओरडा केला नाही. रांग मोडली आणि लोक एकेक करून डॉक्टरांपाशी जाऊन उभे राहिले. आठवडाभरात दुकानाला कुलूप लागलं.

आता मी डॉक्टरांच्या ओसरीत असतो. पाठीचा स्क्रू फिरवून त्यांनी माझा काटा पुन्हा शून्यावर आणलाय. काकू अधूनमधून येऊन माझ्या सांध्यांना तेल देतात. मित्रांनो, काट्याला तेल द्या, पाट पुसा, पण सगळ्यात आधी रिकामा काटा पाहत जा. आम्हाला खोटं बोलायला लावलंत तर आम्ही विसरत नाही.

गेल्या महिन्यात जावई आला. त्याचं मांजर आजारी होतं, पोरीने रडून रडून डोळे सुजवले होते. मांजर पाटावर ठेवून तो डॉक्टरांना विचारत होता, "काटा बरोबर आहे ना?" तीनदा विचारलं त्याने.

मांजराचा काय दोष? मी खरं तेच वजन दाखवलं. फक्त काटा स्थिर करायला जरा वेळ लावला.