पट्टी अखंड आहे

साकरमाळला बागेची गरज आहे, हे साकरमाळचे लोक सोडून सगळ्यांना पटलं होतं. मी त्या गावचा ग्रामसेवक. २०१८ च्या पावसाळ्यानंतर वरून पत्र आलं की प्रत्येक गावाने उद्यान आणि क्रीडांगणाचा आराखडा करून मार्चच्या आत काम पुरं करावं. ते मी ग्रामसभेत वाचून दाखवलं. सभा चिंचेखाली भरली होती.

"भाऊसाहेब, बागेत काय काय असतं?" अंगणवाडीच्या रूपीबाईंनी विचारलं.

"झाडं असतात. मोकळी हवा, बसायला सावली, पोरांना पळायला जागा."

रूपीबाईंनी वर चिंचेकडे बघितलं, मागे डोंगराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "मग आता आपण कुठं बसलोय?"

सभा हसली. मीही हसलो आणि इतिवृत्तात लिहिलं, 'विषय सर्वानुमते मंजूर.'

अडचण जागेची होती. डोंगर वनखात्याचा, नदीकाठ खाजगी, चिंच कोणाची यावर तीन पिढ्या वाद. पंचायतीच्या नावावर एकच तुकडा निघाला, पाण्याच्या उंच टाकीभोवतीचा, बारा गुंठे. टाकी पन्नास हजार लिटरची, चार पायांवर उभी, वयाने माझ्या नोकरीपेक्षा थोडी लहान. आराखड्यात टाकी मधोमध आली. तिच्याभोवती गोल चालायचा रस्ता आला, कारण रोज तीन मैल कामावर चालत जाणाऱ्या माणसांना सकाळी चालायला जागा हवी असं पत्रात होतं. घसरगुंडी आली, दोन झोपाळे आले, बाकडी आली. टाकीचं पाणी सोडणारा लाहू म्हणाला, "भाऊसाहेब, खालून गळतं जरा." मी बघितलं. खरंच थेंब पडत होते. आराखड्यात 'कारंजे' हा रकाना रिकामा होता. तो मी भरला.

नोव्हेंबरपासून जमीन हलायला लागली. आधी जमिनीखालून, पोटात गुरगुरल्यासारखा आवाज यायचा, मग भांडी वाजायची, मग कौलं. डहाणूत, तलासरीत जो भेटेल तो तेच बोलायचा. मसोलीला आमच्या घरी शोकेसमधल्या बश्या वाजल्या की माझी बायको वसुमती घड्याळ बघून कॅलेंडरवर वेळ टिपायची. गॅसच्या टाकीची तारीखही ती तिथेच टिपते.

साकरमाळच्या अंगणवाडीची भिंत दाराच्या वरून खालपर्यंत चिरली. लगेच पत्र आलं की मुलांना खोलीत बसवू नये, गावातल्या नोंदलेल्या मोकळ्या जागेत बसवावं. मी नोंदवही उघडली. त्यात मोकळी जागा एकच होती. माझ्याच हातची नोंद, ताजी शाई.

अशा रीतीने रूपीबाईंची एकोणीस मुलं पन्नास हजार लिटर पाण्याखाली सुरक्षित बसायला लागली.

तिसऱ्या दिवशी रूपीबाई ऑफिसात आल्या. "टाकीच्या पायाला तडा हाय. दाराकडच्या. माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. मी पोरांना तिथं नाय बसवणार."

मी आमच्या इंजिनिअरला बोलावलं. देवेश, वय सत्तावीस. मसोलीत माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायचा आणि रोज माझ्याच मोटरसायकलवर मागे बसून यायचा. पोरगा हुशार. त्याने तड्यावर उभी काचेची पट्टी ठेवली, दोन्ही टोकं पीओपीने चिकटवली आणि वर मार्करने तारीख टाकली.

"सिंपल आहे बाई. तडा हलला तर काच तुटणार. तुटली की टाकी रिकामी करायची आणि ग्राउंड बंद. नाही तुटली तर टेन्शन नाही."

"म्हंजे तडा जिवंत हाय का झोपलाय ते बघायचं?"

"एक्झॅक्टली."

"आणि तवर पोरं कुठं?"

देवेशने माझ्याकडे बघितलं. मी नोंदवहीकडे बघितलं.

काच चौथ्या दिवशी तुटली. ग्राउंड बंद केलं असतं तर बाग गेली असती, आणि टाकी रिकामी केली असती तर तीन पाड्यांचं पाणी गेलं असतं. उद्घाटन निवडणुकीच्या आचारसंहितेआधी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठरलेलं. देवेशने काच हातात घेऊन उन्हात धरली आणि म्हणाला, "काचेची क्वालिटी बरोबर नव्हती." दुसरी लावली. ती फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी, मोठा धक्का बसला तेव्हा तुटली. या वेळी अहवाल मी लिहिला: 'खोडकर मुलांनी दगड मारल्यामुळे.'

रूपीबाईंनी तो वाचला. त्यांना वाचता येतं, ही गोष्ट आम्ही दर वेळी विसरायचो. "भाऊसाहेब, माझं सगळ्यात मोठं पोर साडेपाच वर्षांचं हाय. दगड उचलला तर सोता खाली बसतंय."

"मग काय लिहू?"

"तुटली असं लिहा."

"का तुटली ते लिहावं लागतं, बाई."

आता पुढची गोष्ट सांगताना मी जरा सावरून बसतो, कारण ती कल्पना माझी होती. छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझी एकच कल्पना त्याच दिवशी मंजूर झाली. चारोटीला नावाच्या पाट्या करणारं दुकान आहे. तिथून मी अ‍ॅक्रिलिकची पट्टी कापून आणली. पारदर्शक, काचेसारखी दिसणारी, जाडीला पातळ. दुकानदार म्हणाला, साहेब, गाडी गेली वरून तरी तुटणार नाही. मी म्हटलं, हीच द्या.

घरी वसुमतीने ती उलटीसुलटी करून बघितली. "ही तुटत नाही म्हणतोस, मग लावतोस कशाला?"

"म्हणूनच," मी म्हटलं.

ती नुसती चहा करायला गेली, आणि चहा आणला नाही.

पट्टी लागली. साप्ताहिक अहवालाच्या छापील फॉर्मवर दोन चौकोन होते, एक 'पट्टी अखंड', दुसरा 'पट्टी भंगली'. दर सोमवारी मी पहिल्या चौकोनात खूण करायचो. धक्के चालूच होते. पट्टी अखंड होती. वरून शाबासकीचं पत्र आलं आणि शेजारच्या दोन गावांनी दुकानाचा पत्ता मागितला.

मग एका सोमवारी रूपीबाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, आज तांदूळ गेला."

"कुठे?"

"पट्टीच्या मागं. लावली तवा कागद जात नव्हता. मी बघितलं होतं."

मी जाऊन बघितलं. पट्टी तुटली नव्हती, पण मधून थोडी फुगली होती, धनुष्य ओढायला घेतल्यासारखी. दोन्ही टोकं घट्ट होती. याचा अर्थ टोकं एकमेकांच्या जवळ येत होती. म्हणजे वरचा खांब खालच्यात बसत होता. हे कळायला इंजिनिअर लागत नाही. म्हणून मी देवेशला विचारलं.

"वाकलीय, पण इंटॅक्ट आहे," तो म्हणाला. "फॉर्ममध्ये वाकलीचा चौकोन आहे का?"

नव्हता.

पुढच्या सोमवारी रूपीबाई नुसत्या दारात उभ्या राहिल्या. हातात चिंचोका होता. अंगणवाडीत मुलांना मोजायला शिकवायचे चिंचोके असतात, त्यातला एक. "आज हा गेला," एवढंच म्हणाल्या, आणि तो माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. मी तो पेपरवेटसारखा अहवालावर ठेवला. अहवाल उडाला नाही.

उद्घाटनाचा दिवस बुधवार. सकाळी साडेनऊलाच मांडव लागला, टाकीच्या सावलीत, कारण ऊन चढणार होतं. लाहूला सांगितलं होतं की टाकी काठोकाठ भर, पाहुणे स्वतः कारंज्याची चावी फिरवणार आहेत. लाहूने भरली. तो रूपीबाईंचा सासरा. खाली उतरला तेव्हा त्याने टाकीच्या पायाला हात लावला, गाभण म्हशीला लावावा तसा, आणि तो हात धोतराला पुसला.

पुढच्या रांगेतल्या एकोणीस छोट्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मुलं दोनशे पावलांवर, भात कापून मोकळ्या पडलेल्या शेतात गोणपाटावर बसली होती. देवेश घड्याळ दाखवत आला. "पाहुणे चारोटी क्रॉस झाले. ती मुलं आणा हो भाऊसाहेब, फोटोत मुलंच नसतील तर बाग कोणासाठी केली? बाईंना सांगा, नाही आणली तर उद्यापासून कामावर यायचं नाही."

मी बांधावर गेलो आणि निरोप सांगितला. पंधरा वर्षं ती नोकरी रूपीबाईंच्या घरात एकटी दरमहा पगाराची होती, हे मला माहीत होतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग हजेरीची वही माझ्या हातात दिली.

"आणते. एक काम करा. त्या पायाजवळच्या बाकड्यावर बसा आणि एकोणीस नावांची हजेरी मोठ्यानं वाचा. सावकाश, मी घेते तशी. संपली की पोरं घेऊन येते."

"एवढंच?"

"एवढंच."

हजेरीला दोन मिनिटं लागतात. मी हसत बाकड्यावर जाऊन बसलो आणि वही उघडली. पाठीमागे खांब होता. मानेवर एक थेंब पडला. मांडव घालणारे काम थांबवून बघायला लागले.

"नविन," मी वाचलं. शेतातून बारीक आवाज आला, "हजर!"

"धाकली." "हजर!"

"निलम." "हजर!"

चौथं नाव पुतळी. तिला त्या 'हजर'मधला र येत नव्हता. पाचव्या नावाला खांबातून आवाज आला. मोठा नाही. सुपारी अडकित्त्यात धरल्यावर, कापायच्या आधी येतो, तेवढा. मी सहावं नाव वाचलं. सातवं वाचायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मी उभा आहे, बाकड्यापासून दहा पावलांवर, आणि एक चप्पल तिकडेच राहिली आहे.

शेतातून कोणी हसलं नाही. मुलं सातव्या नावाची वाट बघत होती.

मी परत फिरलो. चपलेसाठी नाही. पट्टी फुटली की ग्राउंड बंद, असा नियमच होता. मी रस्त्याच्या कडेचा रंगवलेला दगड उपटला आणि पट्टीवर हाणला. पट्टी थरथरली. पुन्हा हाणला. माझा हात सोलला, खांबाचा पोपडा उडाला, पट्टीवर ओरखडासुद्धा नाही. दुकानदार खरं बोलला होता. मला माणूस इतका प्रामाणिक नको होता.

"भाऊसाहेब, काय करताय?" देवेश धावत आला.

मी दगड टाकला, खिशातला फॉर्म काढला आणि गुडघ्यावर ठेवून दुसऱ्या चौकोनात खूण केली. सही केली. तारीख घातली, वेळ घातली, दहा वाजून वीस.

"लाहूदादा, टाकी धुवायचा वॉल उघड. पूर्ण."

लाहू विचारत बसला नाही. तो आधीच टाकीखाली, वॉलच्या चावीपाशी उभा होता. पाणी चरात धबधबा पडायला लागलं आणि मांडववाले दोऱ्या तशाच सोडून बांधाकडे चालायला लागले.

"पण पट्टी अखंड आहे!" देवेश ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "तुम्ही खोटा रिपोर्ट देताय! पाहुणे फाट्यावर आलेत! या, बघा सगळ्यांनी, अखंड आहे!" तो खांबापाशी गेला, टाकीच्या बरोबर खाली, आणि पट्टी किती घट्ट आहे हे दाखवायला तिच्यावर बोट ठेवलं. बोट घसरलं आणि मागे गेलं. सहज गेलं, दुसऱ्या पेरापर्यंत.

त्याने ते बाहेर काढलं. बोटाकडे बघितलं. मग वर बघितलं. तो पळाला नाही. झोपलेल्या कुत्र्याजवळून माणूस जातो तसा, पावलं मोजत, श्वास रोखून बांधापर्यंत आला. रूपीबाईंनी गोणपाटावर सरकून त्याला जागा दिली.

"साहेब, बसा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी सातव्या नावापासून हजेरी सुरू केली.

लांब वळणावर पाहुण्यांच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. लाहू वॉलजवळच उभा होता. मी त्याला हाका मारल्या, ये म्हटलं. त्याने हातानेच थांब केलं, त्या वॉलला दाब धरावा लागतो, सोडला की तो आपोआप मिटतो. हे मला माहीत होतं. दुरुस्तीचा अर्ज तीन वर्षं माझ्याच कपाटात होता.

पन्नास हजार लिटरची टाकी रिकामी व्हायला पावणेतीन तास लागतात. पाऊण तास झाला असेल. रूपीबाईंची हजेरी कधीच संपली होती, तरी त्या पुन्हा पहिल्यापासून नावं घेत होत्या आणि मुलं पुन्हा 'हजर' म्हणत होती. पुतळीच्या नावाशी त्या थांबल्या. पुतळीने उत्तर दिलं नाही. ती गोणपाटावर तळहात ठेवून बसली होती.

"बाई," ती म्हणाली, "खालून आवाज येतो."

रूपीबाईंनी वही मिटली आणि वॉलकडे तोंड करून, हजेरीचाच आवाज काढून, विसावं नाव घेतलं.

"लाहू!"