बाळंतिणीच्या खोलीवरचं टिन

माझ्या लेकीला, सुरभीला, ऐन वैशाखात मुलगी झाली आणि सासरच्यांनी त्या दोघींना टिनाच्या खोलीत शेकायला ठेवलं. शेकायला हे मी रागानं म्हणत नाही. बाजेखाली खरोखरच शेगडी होती.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून मीच डिंकाचे लाडू बांधून पुसदहून ढाणकीला तिच्या सासरी गेले. समोरच्या स्लॅबच्या खोलीत व्याही मारोतराव कूलरपुढे पाय लांब करून बसले होते. कपाशी-सोयाबीनची चांगली शेती, बोलणं गोड.

"या विहीणबाई, बसा. हवा घ्या," ते म्हणाले. जणू ती हवा त्यांच्याच शेतात पिकली होती.

मी हवा घेतली नाही. मागच्या खोलीचं दार उघडलं तर अंगावर भट्टी आली. खिडकीवर गोधडी खिळे मारून ठोकलेली. सुरभीचे कान बांधलेले आणि अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर. वर छपराच्या टिना अशा तापल्या होत्या की हात वर केला तरी बोटांना कळावं. बाळाच्या कपाळापासून पोटापर्यंत रव्यासारख्या घामोळ्या. आधी पोरगी खूप रडत होती म्हणे. मी पोचले तेव्हा ती नुसतं तोंड उघडत होती, आवाज येत नव्हता.

"आई, पाणी," सुरभी म्हणाली.

"जास्त पाणी नाई द्यायचं तिले," मागून विहीणबाई तानाबाई आल्या. बाई वाईट नाहीत. दिवसभर घाम गाळून सगळ्यांचं करतात, पण ठरलेल्या रीतीपलीकडे पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांच्या पायात गोळे येतात. "आणि दार लावा. वारं लागलं म्हणजे जन्मभर आंग दुखते."

मी तांब्याभर पाणी पाजलं, बाळाला पदरात गुंडाळलं आणि जावई गोपालला गाडी काढायला लावली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं, सुरभीनं किती पाणी प्यायचं आणि बाळाला किती वेळा पाजायचं ते सांगितलं. म्हणाल्या, आजार काही नाही, बाळ उकडतंय. थंड जागी ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी भरती करावं लागेल.

घरी येऊन मी मारोतरावांना शब्द न् शब्द सांगितला.

"डॉक्टरीण एसीत बसते. तिले काय माहीत आपल्या रीतीभाती?"

"मग हिला इथं आणा. नाहीतर कूलर तरी तिकडं सरकवा."

"इथं येणारे-जाणारे असतात, बाळंतीण कशी ठेवणार? अन् कूलरची हवा बाळंतिणीले इख असते."

"अन् तुमाले अमृत?"

ते हसले. मोठ्यानं, मान मागे टाकून. बायका चिडल्या की काही पुरुषांना करमणूक होते, त्यातले ते. मला वाटलं, हातातला तांब्या त्या कूलरच्या पंख्यात भिरकावावा. पण लेकीचं सासर. मी तांब्या हळूच खाली ठेवला आणि दात आवळून मागे गेले.

गोपाल मागोमाग आला. "मामी, मी बोलतो बाबांशी."

"कवा?"

"मोका पाहून."

"बापू, तुम्ही मोका पाह्यता पाह्यता लेकरू हातचं जाईन."

तो नखं खात उभा राहिला. लहानपणापासून त्याला बापाशी बोलायचा मोका मिळालेला नाही, तो आता कुठून मिळणार!

रात्र मी पुठ्ठ्यानं वारा घालत काढली. वाऱ्याला बंदी होती, पुठ्ठ्याला कुणी काही म्हणालं नाही. शेगडी मी बाहेर नेली की तानाबाई आत आणत. पोरीचं काही बरंवाईट झालं तर आमच्यावर येईल, असं पुटपुटत. पहाटे मला एक गोष्ट लख्ख कळली. यांचं भांडण वाऱ्याशी आहे ना? मग वारा राहू द्या बाजूला. वरून येणारी आग तर अडवता येईल! परसात तुरीच्या वाळक्या काड्यांचा, तुराट्यांचा, मोठा ढीग रचलेला होता. आमच्याकडे टिनावर तुराट्या पसरतात, वर ओली पोती टाकतात. खालच्या माणसाला सावलीत बसल्यासारखं होतं. चूल खोलीपासून दूर होती, ठिणगीचं भय नव्हतं.

मी गोपालला म्हटलं, वर चढवा.

"बाबा म्हणतील, जळण कायले नासवता. रविवारी पाहू."

मग मी पदर खोचला, शिडी लावली आणि चढले. तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. टिन अजून गार होतं, पण माझ्या वजनानं असं कडाडलं की अर्धा मोहल्ला बाहेर आला. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून दूध घालायला आलेली जमनी रस्त्यातच थांबली.

"याडी वं! हे कोण चढलं?"

"गोपालची सासू!" कुणीतरी सांगितलं.

"इवायाच्या टिनावर?" जमनीनं किटली खाली ठेवली. दूध नंतर, आधी व्याह्याच्या छपरावरची विहीण.

मारोतराव बनियनवर धावत आले. "विहीणबाई, खाली उतरा! लोक पाहून राह्यले!"

"पाहू द्या, भाऊ. तुमची नात खाली उकडून राह्यली ते कोणी पाह्यलं नाई, निदान हे तरी पाहतील."

"आमच्या घराची इज्जत..."

"इज्जत कूलरपुढे बसली हाय. तिले काई नाई होत."

जमनी पदरात तोंड घालून हसली. मारोतरावांचा चेहरा काळा-निळा झाला. "तानू! हिले खाली उतरव!"

तानाबाई दारात उभ्या होत्या. त्या परसाकडे वळल्या. मला वाटलं, आता शिडी काढून नेतात. त्यांनी तुराट्यांची पेंढी उचलली, शिडीपाशी आणली आणि डोक्यावरून वर धरली.

"घ्या," त्या म्हणाल्या.

"तानू, डोकं फिरलं का तुहं?"

तानाबाई नवऱ्याकडे न बघता बोलल्या. "ज्या साली टिना टाकल्या, त्या साली झालती आपल्याले एक पोरगी. वैशाखातच. अशीच लाल झालती. तुमी म्हणले, बाहेरचं लागलं. माह्या बाजेखाली तवा बी शेगडीच होती."

माझ्या हातातली पेंढी तशीच राहिली. एवढं पोटात ठेवून ही बाई काल रात्री शेगडी पुन्हा पुन्हा आत आणत होती! मला तिचा राग यावा की तिला जवळ घ्यावं, कळेना.

"ते आता कायले काढते?" मारोतराव पुटपुटले. पोरगी गेली त्याचं नव्हे, गोष्ट चारचौघांत निघाली याचं त्यांना वाईट वाटत होतं. मी वरून पाहत होते, मला स्पष्ट दिसलं.

"आता नाई तं कवा काढू?"

गोपालनं हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. तो आईकडे पाहत राहिला. मग बापाला ओलांडून आला, शिडी चढला आणि म्हणाला, "मामी, तुम्ही उतरा. मी करतो." त्याला मोका सापडला होता.

ऊन चढायच्या आत टिन झाकलं गेलं. वरून ओली पोती. तानाबाईंनी स्वतः खिळे उपसून गोधडी काढली आणि खिडकीला ओलं लुगडं बांधलं. शेगडी कुठं नेली ते मी विचारलं नाही. सुरभीनं स्वेटर काढून कोपऱ्यात फेकला, पोटभर पाणी प्याली आणि बाळाला घेतलं. बाळ आधी नुसतं चाचपडलं. मग लागलं. चुटुचुटु आवाज यायला लागला तेव्हा कुठं आम्ही दोघी विहिणी जमिनीवर टेकलो.

दुपारी लाइट गेली. समोरची स्लॅबची खोली तापली तशी आमच्या दारात मारोतराव उभे दिसले. टॉवेलनं मान पुसत, गोड आवाजात म्हणाले, "इथं बरं गार वाटून राह्यलं. बसू का जरासा?"

तानाबाईंनी बाळावरचं फडकं सारखं केलं.

"बाळंतिणीच्या खोलीत बाप्येमाणसं येत नाईत," त्या म्हणाल्या. "रीत हाय आपली."

आणि मी उठून दार लावलं.