काचेची घासलेली बाजू

ताई दात दाखवून हसतेय असा एकही फोटो घरात नव्हता. समोरच्या दोन दातांत फट होती, त्यामुळे कॅमेरा दिसला की तिचा हात तोंडावर गेलाच म्हणून समजा. लग्नाच्या फोटोत तर नवरी शिंकतेय असंच वाटतं.

तिचा धाकटा भाऊ कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झालेला टर्नर. दोन वर्षं तो घरातच कॅमेरा घडवत बसला होता. जुनं भिंग, ॲल्युमिनियमची पेटी, हातात धरायला लाकडी मूठ, आणि रुंद फिल्मवर बारा चौकोनी फोटो. त्याच्या ठोकाठोकीला वैतागून ताईनं त्याचं नावच ठोक्या पाडलं होतं. "तुझं खोकं तयार झालं ना, की मी हात न लावता हसेन," असं ती म्हणायची. वचन द्यायला काय जातंय, खोकं थोडंच तयार होणार होतं!

मग ताईच्या जबड्यात गाठ निघाली. ऑपरेशन उद्यावर आलं. समोरचे दात आणि जबड्याचा तुकडा जाणार होता, आणि आज चार वाजता न्यायला गाडी येणार होती. टर्नरनं आठवडाभर जिवाचं रान करून खोकं पुरं केलं होतं.

सकाळी पहिला रोल काढला. ताई शब्दाला जागली, बाराही वेळा खळखळून हसली. दुपारी त्यानं न्हाणीघरात फिल्म धुतली, खिडकीशी धरली. बाराही फोटोंत ताईचा चेहरा धुरकट होता. मागच्या भिंतीवरचं घड्याळ मात्र असं लख्ख, की बघून वेळ सांगावी.

चूक कळायला दोन मिनिटं लागली. भिंगावरच्या अंतराच्या खुणा त्यानं मागे दुधी काच लावून, तिच्यावरचं चित्र बघून कोरल्या होत्या. काचेची घासलेली बाजू भिंगाकडे, म्हणजे फिल्म बसते त्याच जागी हवी. यानं ती बाहेर ठेवली होती. दोन मिलिमीटरची काच, पण तिच्यापायी सगळ्या खुणा खोट्या ठरल्या. नव्यानं कोरायला दिवस गेला असता, आणि घड्याळात तीन वाजून गेले होते.

घड्याळ! त्यानं मोजायचा टेप लावला. सकाळी जिथून फोटो काढले तिथून ताईची खुर्ची सहा फूट, भिंत साडेनऊ फूट. म्हणजे सहा फुटांची खूण खरं तर साडेनऊ फुटांवरचं बघत होती. खूण तशीच ठेवून आपण मागे सरकायचं, बस्स. खोलीत उजेड कमी, भिंगाचं तोंड पूर्ण उघडं. अर्धा फूट इकडेतिकडे झालं की चेहरा पुन्हा धुरकट, खेळ खलास.

"ताई, अजून एक रोल काढू. हौस म्हणून," तो म्हणाला.

ताई खुर्चीत बसली, पण तिची सकाळची हिंमत संपली होती. एक, दोन, पाच फोटो झाले. कधी ओठ घट्ट, कधी हात वर. अकरा फोटो वाया गेले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. टर्नरनं फिल्म पुढे सरकवली, कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीत बाराचा आकडा आला.

"नाही रे येत हसू," ताई म्हणाली. "भीती वाटते मला. सकाळचे आलेत ना चांगले? मग झालं तर."

आता लपवून काय उपयोग?

"एकही आला नाही, ताई. काच उलटी बसवली मी."

"उलटी?"

"उलटी."

"चाळीस वर्षं पोरांना जॉब उलटा लावला म्हणून शिव्या घातल्यास ना रे तू?" असं म्हणून ताई जी हसायला लागली! दोन्ही हात पोटावर, तोंड सताड उघडं, हसता हसता खुर्चीतून पुढे वाकलेली. ती पुढे आली तसा अंतर राखायला तोही मागे झुकला. पाठ दाराला टेकली आणि त्यानं खटका दाबला.

ताई गाडीत बसून दवाखान्यात गेली. अंदाजानं झुकलेल्या पाठीवर किती भरवसा ठेवायचा, हा विचार फिल्म धुताना त्याच्या डोक्यातून जात नव्हता.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी तो फोटो घेऊन दवाखान्यात गेला. ताईचा अर्धा चेहरा पट्टीखाली होता, बोलायची बंदी होती. तिनं फोटो जवळ धरला. दातांतली फट स्वच्छ दिसत होती. तिनं तिच्यावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं. टर्नर खिडकीबाहेर बघत राहिला, कारण त्याला रडू आवरेना.

मग तिनं उशाची पाटी ओढली आणि लिहून त्याच्यापुढे धरली.

"काच सुलटी केलीस का?"