न झिजलेला ळ

मद्रासमधल्या मैलापूरच्या देवळामागच्या घरात राजसबाईंचा जन्म गेला होता. घराणं मूळचं तंजावरचं. मराठी बोलायचं, पण तमिळच्या चालीवर. वरच्या खोलीत दीड वर्षापासून नगरची ऊर्मी भाड्याने राहत होती. वेळचेरीपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून ऊर्मी लोकलनेच ऑफिसला जाई. तिथे ती कॉम्प्युटरसाठी अक्षरं काढते, हे कळलं तेव्हा राजसबाई हरखून म्हणाल्या होत्या, "आमच्या अप्पांचंच काम की हे!" अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, छापखाना बंद पडून पंचवीस वर्षं झाली होती.

बुधवारी संध्याकाळी ऊर्मी जिन्यातच बसून डोळे पुसत होती.

"कसाला रडतीस गे?"

ऊर्मीने पर्समधून एक कागद काढला. पुण्याच्या एका मासिकाला भुतांच्या गोष्टींच्या मथळ्यांसाठी अक्षरं हवी होती. जाड, फाटकी, बघताच अंगावर काटा यावा अशी. तिने दोनदा पाठवली, दोनदा परत आली. आता शुक्रवारी शेवटची पाठवायची. याही वेळी नापसंत झाली तर ऑफिस देवनागरीचं काम बंद करणार होतं, आणि ऊर्मीला द्यायला त्यांच्याकडे दुसरं काम नव्हतं.

"म्हणजे परत नगर. आणि मामा म्हणणार, सांगितलं होतं ना, मद्रासला जाऊ नकोस म्हणून!"

राजसबाईंनी चष्मा लावला. कागदावर मोठ्या अक्षरांत होतं, 'काळोखाचा वाटेकरी'. प्रत्येक अक्षराचा वरचा डावा कोपरा कुरतडलेला.

"अय्यो, ह्या भुतानं सगळ्यांना एकाच जागी चावलं की काय?"

ऊर्मीला रडता रडता हसू आलं. "भीती नाही ना वाटत, आजी?"

"वाटते की. उंदराची."

मग काय झालं कोण जाणे, त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. तांदळाच्या पिंपाखाली इतकी वर्षं एक लाकडी पेटी टेकूसारखी पडून होती. दोघींनी मिळून पिंप सरकवलं. झाकण उघडताच जुन्या शाईचा आणि रॉकेलचा वास आला, आणि राजसबाई क्षणभर बारा वर्षांच्या झाल्या. परकर खोचून अप्पांच्या शेजारी उभं राहायचं, आणि ते मागतील ते अक्षर पेटीतून काढून द्यायचं.

पेटीत वीतभर उंचीचे लाकडी ठसे होते. त्यांतले तीन क त्यांनी ओळीने मांडले.

"हा दातपडका. हा भोकवाला. हा शहाजी."

"शहाजी?"

"शहाजी म्हणून कामाला होता, त्याच्या हातनं पडला हा. मग ह्याचं नावच शहाजी. एका ओळीत दोन क आले, तर एकसारखे दोन द्यायचे नाहीत. दिले की अप्पा टपली मारायचे. आणि ज्याला काम जास्त, तो जास्त झिजलेला. उगाच कुणी झिजत नाही, पोरी."

ऊर्मी ठशांवरून बोटं फिरवत राहिली. मग धावत जाऊन शाईचा डबा घेऊन आली. गुरुवारी तिने रजाच टाकली. ठशाला शाई लावायची, वर कागद ठेवायचा, डावाच्या पाठीने घासायचं. कागदावर अक्षरं उमटू लागली. कुणाची कड गेलेली, कुणाच्या पोटात भेग. त्यांत ळ मात्र काळाकुळकुळीत, धारदार, जसा काही कालच कोरलेला.

"हा एवढा नवा कसा?"

"अप्पा हिंदी सिनेमांची पोस्टरं छापायचे. हिंदीला ळ कुठे लागतो? विकत आणलेल्या पेटीत तो नव्हताच. आपल्या लोकांच्या पत्रिकेत 'मंडळी' छापायला हवं म्हणून अप्पांनी सुताराकडनं फणसाच्या लाकडाचा करवून घेतला. पण आपण लोक मूठभर. वर्षातनं दोनदा निघायचा बाहेर. अप्पांना वाईट वाटायचं. म्हणायचे, ह्याला पोटभर काम मिळेना."

"कॉम्प्युटरवर मी ह्याला जरा फोडते, आजी. बाकीच्यांत मिसळायला हवा."

राजसबाईंनी ठशावर तळहात ठेवला. "त्याला लागलंच नाही ते कसाला दाखवतीस? राहू दे तसाच."

ऊर्मी कागद गोळा करून वर गेली. तिसऱ्यांदाही नाकारलं तर सामान बांधायचं होतं. शुक्रवारी सकाळी ऑफिसला निघताना ती म्हणाली, "तीनही क ठेवलेत. एका मथळ्यात आपोआप आलटून पालटून येतील. आणि ळ... तुमचाच ठेवला."

शनिवारी दुपारी ती जिन्यावरून ओरडतच उतरली. "आजी, ऐका! संपादक लिहितात, सगळी अक्षरं मोडलेली आणि मध्ये हा एकटाच धडधाकट उभा. बाकीच्यांना ह्यानेच खाल्लं की काय, असं वाटून दचकलो! पसंत आहे, आजी. दर महिन्याचे मथळे ह्यातच छापणार. आता अख्खी वर्णमाला हवीय त्यांना!"

"मग मामांना काय सांगशील?"

"सांगेन, काम पडलंय म्हणून!"

राजसबाई हसल्या. रॉकेलच्या बोळ्याने त्यांनी ळ हळूहळू पुसला. बाकीचे ठसे पेटीत गेले, तो मात्र त्यांनी अप्पांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवला.

"अप्पा, मिळालं की ह्याला काम," त्या म्हणाल्या. मग ऊर्मीकडे वळल्या. "बघत काय राहिलीस? पेटीत तळाशी ज्ञ आहे. काढ."