सिल्वीची कल्हई

नवं वर्ष लागलं तसं फिनलंडमधल्या कायानीच्या सर्किट बोर्डांच्या कारखान्यातून शिसं हद्दपार झालं, आणि त्याच आठवड्यात एस्टोनियाहून उर्वे कामाला आली. तिथे बोर्डांचे सांधे जोडणाऱ्या सिल्वीला दोन्ही गोष्टी रुचल्या नव्हत्या. शिशाचं सोल्डर, म्हणजे डाख, लोण्यासारखं वितळायचं, सांधा कसा लख्ख उतरायचा. हे नवं बिनशिशाचं सोल्डर मात्र आढेवेढे घेत वितळतं, सांधा मळकट दिसतो आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक दोन महिन्यांत खाऊन टाकतं. उर्वेचं काय खटकतं ते तिला नेमकं सांगता येत नव्हतं. बाई फार गप्प असायची, एवढंच. गप्प तर फिनलंडची माणसंही असतात, पण ते गप्प बसणं सिल्वीच्या ओळखीचं होतं.

मार्चमध्ये बोर्ड परत येऊ लागले. जंगलातल्या लाकूडतोड यंत्रांत बसवलेले, हादऱ्यांनी सांधे तडकलेले. एप्रिलमध्ये प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला: सांध्यांत शिसं मिसळलं आहे, म्हणून ते वरून धड दिसतात आणि आतून कच्चे राहतात. फोरमन काउकोने बोर्डांवरचे नंबर जुळवून पाहिले, तर तडकलेले सगळे बोर्ड रोज सकाळी पहिल्यांदा हाती घेतलेले निघाले.

सिल्वीच्या मनात पाल चुकचुकली.

"सकाळी सगळ्यांच्या आधी कोण येतं गं?" कॉफी पिता पिता तिने शेजारच्या रैयाला विचारलं.

"उर्वे. तिची बसच तशी आहे."

"बस! जुनं सोल्डर पिशवीतून आणत असेल, काम भराभर उरकायला."

"काहीतरीच तुझं! तिच्या पिशवीत मासळीच्या पावाशिवाय काही नसतं. वासच सांगतो."

"वासाखाली काय काय लपवता येतं, बाई."

उर्वेची चार महिन्यांची उमेदवारी शुक्रवारी संपणार होती. कायम झाली की आजीकडे ठेवलेल्या मुलीला ती इकडच्या शाळेत घालणार होती. सिल्वीला हे ठाऊक होतं. तरी बुधवारी तिने काउकोच्या कानावर घातलंच. "मी नाव घेत नाही," असं म्हणून तिने नाव घेतलं.

त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे ती सगळ्यांच्या मागे थांबली. रांगेतल्या चारही आयर्नची टोकं पुसून तिने त्यांवर सोल्डरची कल्हई चढवली. तीस वर्षांचा नेम होता तिचा: टोक रात्रभर उघडं ठेवू नये, काळं पडून मरतं. रैया तर तिला टोकांची आई म्हणायची.

गुरुवारी ती सहालाच येऊन सुट्या भागांच्या कपाटामागे उभी राहिली. आज रंगेहाथ पकडायचीच. उर्वे आली, कोट टांगला आणि चारही आयर्न तापवली. मग तीन टोकं एकेक करून ओल्या स्पंजवर पुसली, नवं सोल्डर लावलं, पुन्हा पुसली.

"काय चाललंय?" सिल्वी पुढे आली.

उर्वे दचकली. "साफ करतेय."

"मी काल साफ करूनच गेले होते."

"माहीत आहे." उर्वेने शेवटचं, अजून न पुसलेलं टोक तिच्यापुढे धरलं. "नवं सोल्डर असं चकाकत नाही, सिल्वी. तुम्ही लावलेलं चकाकतं. रिपोर्ट आला त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. तेव्हापासून रोज पुसते."

सिल्वीचा हात आपोआप एप्रनच्या खिशाकडे गेला. आत जुन्या सोल्डरचं रीळ होतं. जानेवारीत सगळी रिळं टाकून दिली तेव्हा तिने हे एक वाचवलं होतं, निव्वळ टोकांसाठी.

"बोर्डाला एक थेंब लावलेला नाही मी! शपथ घेऊन सांगते. फक्त टोकाला."

"आणि सकाळी टोकावरचं जातं कुठे?"

सिल्वीने त्या चकाकत्या टोकाकडे पाहिलं. पहिल्या सांध्यात जातं. दुसऱ्यात, तिसऱ्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिला स्वतःचीच शिसारी आली.

"मग काउकोला का नाही सांगितलंस?"

"तुमची तीस वर्षं, माझे चार महिने. कोणाचं ऐकलं असतं त्याने?"

साडेसहाला काउको आला. आपल्या खोलीत शिरताना तो मागे वळला. "उर्वे, जरा आत ये. उद्यापर्यंत कशाला ताणायचं!"

उर्वेने एप्रन काढला आणि नीट घडी घातली. तिने ओळखलं होतं.

"घाल तो परत," सिल्वी म्हणाली, आणि तिच्या आधी आत शिरली.

"तू कशाला आलीस?" काउकोने विचारलं.

"काल मी तुला चुकीचं नाव सांगितलं."

"मग बरोबर कोणाचं?"

तिथल्या प्रत्येक बाईच्या रिळावर तिचं नाव लिहिलेलं असायचं, सिल्वीनेच पाडलेली पद्धत ती. तिने खिशातलं रीळ काढून त्याच्या टेबलावर ठेवलं आणि नाव त्याच्याकडे येईल असं फिरवलं.