गफ्फार मास्तरांचे शजरे

अब्दुल गफ्फार मास्तर उर्दू शाळेतून निवृत्त झाले, आणि ओट्यावर बसून दुनियेला नावं ठेवण्याऐवजी जठारपेठेतल्या घरी कंप्युटर मांडून बसले. अकोला-अमरावतीकडच्या मुसलमान घराण्यांचे शजरे, म्हणजे वंशावळी, त्यांनी वेबसाइटवर चढवायला घेतले. पदरमोड करून, अगदी फुकट. गावोगाव हिंडायचे, कबरस्तानातले दगड वाचायचे, म्हाताऱ्यांच्या तोंडून पिढ्या उतरवून घ्यायचे. २००७ उजाडेपर्यंत नऊशे घराणी झाली. लोकांचं काय सांगावं, ज्याला त्याला आपला पणजोबा सुभेदार तरी हवा नाहीतर थेट अरबस्तानातून आलेला. वऱ्हाडात कापड विणणारे, रंगवणारे, वखर हाकणारे जणू कुणाचे कोणी नव्हतेच. मास्तर अशांना दारातूनच वाटेला लावत. पुराव्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, हा त्यांचा बाणा.

नमले ते एकाच बाबतीत. धामणगाव रेल्वे या गावच्या एका बुजुर्गांचा फोन आला, "मास्तर, औरतों के नाम मत डालो. ऐरागैरा कोई भी पढेगा." मास्तरांना पटलं. अदब ती अदब. त्यांनी सगळ्याच घराण्यांतल्या आया, बहिणी, लेकी काढून टाकल्या. शजरा कसा सुटसुटीत झाला. बापाखाली बेटा, बेट्याखाली बेटा. नऊशे घराणी बाईवाचून वाढली आणि एकाही शहाण्याने हे कसं जमलं म्हणून विचारलं नाही.

त्याच साली हिवरखेडला त्यांचे अब्बा वारले. मागे दहा एकर वावर होतं. चाळिसाव्या दिवसाचा विधी, चाळीसवा, उरकला तसा धाकटा भाऊ साजिद अकोल्याला आला.

"भाईजान, तलाठ्याले वंशावळ पायजे. तुमच्या कंप्युटरवरची छापून द्या. तुमचं नाव हाय, लोक मानतात."

मास्तर सुखावले. त्यांनी कागद छापून दिला. मग साजिदने प्रतिज्ञापत्र पुढे सरकवलं. मयताला आम्ही दोन मुलगेच वारस, तिसरं कोणी नाही. मास्तरांना पेन्शन होती. आपला हिस्सा ते साजिदलाच सोडणार होते आणि त्याचा त्यांना जरा अभिमानही होता. पण त्यांनी कागद वाचला. हे सांगितलंच पाहिजे, त्यांनी तो नीट वाचला.

"अन् आपा?"

"आपाचं घरच्या घरी पाहू नं. बाईमाणसाले कचेरीत काहून ओढता?"

पुन्हा तीच अदब. मास्तरांनी सही केली.

खातूनबी ही दोघांची थोरली बहीण. तिशीत रांडाव झाली आणि बापाकडे परत आली. नाल्याकडचे दोन एकर तीस वर्षं तिने एकटीने पेरले. इकडे कापसाला भाव उरला नव्हता. जो तो वावर विकून मोकळा व्हायला बघत होता. साजिदने दहाही एकरांचा सौदा केला. खातूनबीला ते कळलं तेव्हा घेणाऱ्याची माणसं तिच्या पऱ्हाटीत, उभ्या कपाशीत, टेप धरून खुट्या ठोकत होती.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने जठारपेठेत आली आणि कंप्युटरसमोर बसली. घरात ही भावंडं उर्दू बोलत, पण कागदपत्राची गोष्ट निघाली किंवा राग आला की वावरातल्या बोलीवर येत.

"गफ्फार, अब्बाले लेकरं किती?"

"तीन, आपा."

"तुह्या कंप्युटरमंदी किती हायेत? मले वाचता येत नाही, तू वाच."

नको तेव्हा दहादा जाणारी लाईट त्या दुपारी काही जाईना. मास्तरांनी दोन नावं वाचली. तिसरं वाचायला तिथे काहीच नव्हतं.

ते तिला घेऊन तलाठ्याकडे गेले. तलाठी भला माणूस. "खरेदीखत सोमवारी हाय, हरकत घेता येते. पण बाईजवळ पुरावा काय?" शाळेचा दाखला नव्हता. निकाहाचा कागद कधीच वाळवीने खाल्ला होता. "मंग मास्तर, तुमीच लिहून द्या का हे मायी सख्खी बहीण हाय. मागचं प्रतिज्ञापत्र खोटं होतं, हेही लिहा लागते. त्याच्यावर केस होऊ शकते, ते तुमाले मी काय सांगू."

मास्तरांनी मनात हिशेब मांडला. या वयात पोलीस, कोर्ट, पेपरात नाव. आणि मग नऊशे घराण्यांचं काय? खातूनबी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"विचार करून येतो," मास्तर म्हणाले. विचार करता करता त्यांनी सोमवार जाऊ दिला.

मग मात्र त्यांनी कंबर कसली. दीड महिना खपून साऱ्या घराण्यांच्या लेकीबाळी परत चढवल्या. धामणगावचे बुजुर्ग खवळले, सत्तर घराण्यांनी आपले शजरे काढून घेतले, पण मास्तर हटले नाहीत. इतके धीट ते जन्मात कधी झाले नव्हते. सगळ्यात आधी त्यांनी आपाचं नाव टाकलं होतं. तो कागद छापून ते हिवरखेडला गेले.

खातूनबी परक्याच्या वावरात रोजाने कापूस वेचत होती. मास्तरांनी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभं राहून वाचून दाखवलं, "खातूनबी, बिन्ते अब्दुल रहीम." अब्दुल रहीम यांची मुलगी.

"कचेरीत तुह्यं तोंड काहून बंद होतं?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. मास्तरांनी कागद पुढे केला. तिचे हात कापसात होते, ते तिने काढले नाहीत.

पलीकडच्या तासात, झाडांच्या ओळीत, वेचणाऱ्या केशरबाईने मान वर केली. "कोन व्हय वं हे?"

"अकोल्याचे मास्तर हायेत," खातूनबी म्हणाली. "लोकाइचं खानदान लिहितात."

आणि ती पुढच्या झाडाला लागली.