गळ्यातलं घुंगरू

घुंगरू वाजलं म्हणून दचकलात? मी काळवीट बोलतोय. शेळीचं घुंगरू माझ्या गळ्यात कसं, असं येणारे सगळेच विचारतात. मग ऐकाच.

येलदरीच्या वरच्या अंगाला आमचं हे राखीव कुरण. निजामाच्या राज्यात इथं बंदूकवाले यायचे. ते राज्य गेलं, शिकार बंद झाली आणि आमच्या कळपाला वाटलं, सुटलो एकदाचे!

मी जन्मलो तेव्हा आईनं मला गवतात दडवलं आणि ती लांब चरायला गेली. आमची रीतच तशी. आई जवळ उभी राहिली तर लांडग्याला पत्ता लागतो. पण शेळ्या-मेंढरं चारणाऱ्या कोंडाबाईला मी एकटाच दिसलो. "आगं माय! लेकराला टाकून गेली की," म्हणत तिनं मला पदरात घेतलं. शेळीचं दूध पाजलं, हरवू नये म्हणून घुंगरू बांधलं. तिची माया खोटी नव्हती. पण मला कुणी टाकलं नव्हतं हो!

पुढं येलदरीला धरणाचं काम निघालं. ते बघायला आलेली मंडळी जीप घेऊन थेट कुरणात घुसू लागली. गवत तुडवायची, हरणांमागं जीप पळवायची. राखणदार आश्रुबा जेरीस आला. शेवटी त्यानं चौकीजवळ तारेचं कुंपण घातलं आणि कोंडाबाईला म्हणाला, "तुजं पाडस दे. लोकायला हितंच हरीण दिसलं, तर आत कशाला जातेल?"

शक्कल नामी होती. गवत पुन्हा वाढलं, कळप निवांत झाला. अडकलो फक्त मी.

लोक मला गूळ-शेंगा चारतात. एका शहाण्यानं तर विडी पुढं केली! कधी कळप ओढ्यापर्यंत येतो. मी तारेकडं धावतो, घुंगरू वाजतं आणि सगळे उधळतात. आपल्याच गणगोतानं आपल्याला भ्यावं, याचं फार वाईट वाटतं. आता शिंगं वाढली, त्यामुळं घुंगरू काढायला माझ्या गळ्याशी हात घालायची कोणाची छाती नाही.

परवा एक पाहुण्या बाई आश्रुबाची नजर चुकवून गवतात शिरल्या आणि पाडस उचलून घेऊन आल्या. "बिचाऱ्याला आई नाही हो!" म्हणत होत्या. मागं टेकाडावर त्याची आई उभी होती. मी वेड्यासारखा धावत सुटलो, तारेला धडका दिल्या. घुंगराचा आवाज ऐकून कोंडाबाई माझ्यासाठी आणलेला चारा टाकून धावत आली. मी टेकाडाकडं बघत होतो, तिकडं तिनंही पाहिलं. हरणी दिसली. मग कोंडाबाईनं माझ्याकडं पाहिलं.

"बाई, उचललं तिथंच ठिवा त्याला," ती म्हणाली. "त्याची माय हाय. ह्याची बी असंल तवा. मला कळलं न्हाई."

पाडस गवतात ठेवून माणसं चौकीत गेली. हरणी दबकत उतरू लागली. तिची वाट माझ्या कुंपणाजवळूनच होती. घुंगरू एकदा जरी वाजलं असतं तरी ती पळाली असती. माझ्या अंगावर गोमाश्या बसल्या, कडकडून चावल्या. मी मान हलवली नाही. ती आली, पाडसाला चाटलं आणि घेऊन गेली.

तेव्हा इकडं जरूर या, मला बघा, पण गवतात शिरू नका. एकटं पाडस दिसलं तर हात लावू नका. त्याची आई लांब उभी राहून तुमच्या जाण्याची वाट बघत असते. कोंडाबाई मला घेऊन निघाली, तेव्हा माझी आईसुद्धा अशीच उभी असणार.